तुम्ही विचारलंत म्हणून : उतारवयातल्या घराला खोल्या किती?

"आम्ही दोघंच आहोत. ज्येष्ठांच्या संकुलात घर बघतोय. वन बीएचके पुरेल की टू घ्यावं?" नाशिकमध्ये हा प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो. विचारणारे बहुतेक इंदिरानगर, सिडको, कॉलेज रोडकडच्या रो-हाऊसमध्ये किंवा बंगल्यात आयुष्य काढलेले असतात. काही मुंबई-ठाण्याचं घर आवरून इकडे येणारे.

आमचं उत्तर असं : दोघांसाठी रेरा कार्पेट, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे मोजलेलं घराच्या आतलं क्षेत्र, 550 ते 600 चौरस फूट. त्यात झोपायची एक खोली ऐसपैस, 12 बाय 13 ची, आणि दुसरी अगदी लहान, 8 बाय 9 ची. एकट्या माणसाला 400 च्या आसपास पुरतं. थ्री बीएचके घेऊ नका.

दुसऱ्या खोलीबद्दल आधी बोलायला हवं, कारण ती बहुतेक लोक चुकीच्या कारणासाठी घेतात. मुलं येतील, नातवंडं येतील, सिंहस्थात पाहुणे येतील. मुलं वर्षातून 10-15 दिवस येतात आणि सिंहस्थ 12 वर्षांतून एकदा. तेवढ्यासाठी बहुतेक संकुलांत पाहुण्यांच्या खोल्या भाड्याने मिळतात. त्या किती आहेत, दिवसाचा दर काय आणि दिवाळीत किती आधी सांगावं लागतं, हे विचारून ठेवा. लहान खोली लागते ती तुमच्या दोघांसाठी. एकाला पहाटे 4 ला जाग येते, दुसऱ्याला रात्री 12 पर्यंत झोप नसते. एकाला खोकला झाला की दुसऱ्याचीही झोप जाते. आणि दोघांतलं एक अंथरुणाला खिळलं, तर रात्रपाळीच्या मावशींनी पाठ कुठे टेकायची? हॉलमधल्या सोफ्यावर महिनोन् महिने कोणी नीट झोपू शकत नाही, आणि मग माणसं टिकत नाहीत. 8 बाय 9 मध्ये 3 फुटी पलंग, एक कपाट आणि एक खुर्ची बसते. त्याहून मोठी करण्याची गरज नाही.

मोठ्या खोलीचं माप मात्र ताणून बघा. आज तिथे 5 फुटी डबल बेड असेल. उद्या त्या जागी वर-खाली होणारा दवाखान्यातला पलंग आला, तर तो 3 फूट रुंद आणि जवळजवळ 7 फूट लांब असतो. तो भिंतीला चिकटवून चालत नाही. कूस बदलायला, चादर काढायला दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहावा लागतो, म्हणून दोन्हीकडे 3-3 फूट मोकळे हवेत. झाले 9. भिंतीतलं कपाट 2 फूट, शेजारी बसायची खुर्ची 2 फूट : 13. दुसऱ्या दिशेला पलंगाचे 7 वजा केले की 12 तले 5 उरतात, आणि व्हीलचेअर जागच्या जागी वळायला नेमके तेवढेच, म्हणजे 1500 मिलिमीटर लागतात. 10 बाय 11 च्या खोलीत यातलं काहीच बसत नाही. टू बीएचके म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ घरांत दोन्ही खोल्या याच मापाच्या असतात. खोल्या दोन, पण आजारपणात उपयोगाची एकही नाही.

आता संडास-बाथरूम. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण नकाशा बघताना नजर हॉलवरच असते. 4 बाय 7 ची बाथरूम दोन पायांवर चालणाऱ्यापुरती ठीक आहे. आंघोळ घालायला दुसरं माणूस आत यायचं असेल, तर किमान 6 बाय 8 हवी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या. आत उघडणाऱ्या दाराआड माणूस पडलं, तर त्याच्याच अंगामुळे दार उघडत नाही. कडी बाहेरूनही सोडवता आली पाहिजे. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दाराची रुंदी किमान 900 मिलिमीटर सांगितली आहे. बाथरूमच्या अडीच फुटी दारात चौकट वजा जाता साधारण 650 मिलिमीटरच उरतात, आणि व्हीलचेअर जवळपास तेवढीच रुंद असते. हात घासतात, माणूस अडकतं. आधाराचे दांडे नंतर बसवू म्हणू नका. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा स्क्रू आणि गिट्टी माणसाचं वजन धरत नाही, म्हणून दांडे कुठे येणार ते ठरवून तिथली भिंत आधीच भक्कम करून घ्या.

स्वयंपाकघराला 7 बाय 8 पुरे, जेवण संकुलाच्या मेसमधून येत असलं तरी. नुसत्या पॅन्ट्रीवर मात्र राहू नका. पहाटेचा चहा, उपवासाची भगर, ताप आलेल्याला मऊ भात, हे सगळं मेसच्या वेळेत बसत नाही. सवयीने वर्षाचे गहू भरणाऱ्यांना कोठी ठेवायची कुठे हा प्रश्न पडतो. ती आणूच नका, महिन्याचं पीठ घ्या.

साठवणीची जागा मोजायची एक रीत आहे. माळा धरायचाच नाही, कारण सत्तरीत स्टुलावर चढायचं नसतं. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, म्हणजे जमिनीपासून दीड ते पाच फुटांतली कपाटंच मोजा. रो-हाऊसमधल्या सामानाचा पाव हिस्सासुद्धा त्यात मावत नाही, हे घर घ्यायच्या आधी कळलेलं बरं. सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल आणि तीन आसनी सोफा, या दोन वस्तूंसाठी लोक मोठं घर घेतात. त्यापेक्षा त्या वस्तू भाच्याला द्या.

क्षेत्रफळाच्या आकड्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. माहितीपत्रकातले 900 फूट हे बहुधा विक्रीयोग्य क्षेत्र असतं. त्यात जिना, लॉबी, बाल्कनी सगळं येतं. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. करारनाम्यात ते चौरस मीटरमध्ये असतं, त्याला 10.764 ने गुणा. 53 मीटर म्हणजे 570 फूट. ते असे जातात : मोठी खोली 156, लहान 72, हॉल 150, स्वयंपाकघर 56, बाथरूम 48, वेगळा संडास 24, पॅसेज 36, उरलेले आतल्या भिंतींत. तुमच्या नकाशात पॅसेज 60 चा निघाला, तर एवढी जागा तुम्ही नुसती चालायला विकत घेताय.

बाल्कनी 5 फूट रुंद हवी. 3 फुटांत फक्त कपडे वाळतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी हाडांत शिरते, तेव्हा सकाळचं ऊन जिथे येतं तीच बाल्कनी खरी, म्हणून पूर्व किंवा दक्षिण पाहा. पश्चिमेची भिंत आणि सगळ्यात वरचा मजला टाळा.

मोठ्या घराचा खर्च खरेदीपाशी थांबत नाही. मेंटेनन्स बहुधा चौरस फुटावर असतो. समजा दर 6 रुपये धरला, तर 300 फूट जास्त म्हणजे वर्षाला 21,600 रुपये, आणि ते दोघांतलं एक गेल्यावरही चालूच राहतात. तेव्हा लहान घरात जावंसं वाटलं तर? अशा संकुलांत राहणाऱ्याच्या वयाची अट असल्याने गिऱ्हाईक मुळात कमी, आणि दुसरं घर घेताना मुद्रांक शुल्क पुन्हा, नोंदणीचे 30,000 पर्यंत पुन्हा. म्हणून आजच विचारा : त्याच संकुलात मोठ्यातून लहानात बदलून मिळतं का, आणि कुठल्या अटींवर? तोंडी "बघू ना काका" नको, करारात लिहून घ्या.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी करा. गच्चीवर खडूने त्या घराचा नकाशा खऱ्या मापात काढा, पलंग-कपाटं आखा आणि दोघं एकाच वेळी त्यात वावरून बघा. मग सध्याच्या घरात महिनाभर हॉल, स्वयंपाकघर आणि दोनच खोल्या वापरा, बाकीच्यांना कुलूप. कुलूप किती वेळा आणि कशासाठी काढलं, ते कॅलेंडरवर लिहा.

सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना टेप न्या आणि तिथला पलंग मोजा. तो कधी कधी मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो. लिफ्टही मोजा. 6 माणसांच्या लिफ्टची पेटी साधारण 1100 बाय 1000 मिलिमीटरची असते, त्यात स्ट्रेचर आडवं जात नाही. ते जायला 2000 मिलिमीटर खोल पेटी लागते.