लाखेखालचं प्रेम

प्रतिस्पर्धी हेरांच्या ऐतिहासिक प्रेमकथेत लेखक बहुतेकदा घसरतो तो पत्रांपाशी. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची नवी मांडणी ठरवायला भरलेली १८१४-१५ ची व्हिएन्ना परिषद घ्या. तिथे ऑस्ट्रियाचं गुप्त टपाल खातं परकीय दूतांची पत्रं उघडायचं, नक्कल करून घ्यायचं आणि पुन्हा लाखबंद करून पुढे धाडायचं. म्हणजे नायिकेने नायकाला टपालाने पत्र लिहिलं, तर ते आधी तिसऱ्याच माणसाने वाचलेलं असणार. हा तिसरा वाचक कादंबरीत हवाच. खरा ताण तोच देतो.

लिंबाच्या रसाची अदृश्य शाई वापरायची तर तिची खोड ठाऊक हवी. उष्णतेने अक्षरं तपकिरी होतात, ती पुन्हा लपत नाहीत. म्हणजे मधल्या चोराचीही चोरी उघडी पडते. कोरा कागद तर संशयाला आमंत्रणच! म्हणून साध्या शाईत आजारपण, हवापाण्याचा मजकूर आणि गुपित ओळींच्या मधे.

दोघांपैकी एकालाच हुशार ठेवू नका. तिने त्याची सांकेतिक लिपी फोडली, हे त्याला कळावं आणि तरीही त्याने ती बदलू नये. प्रेमाची कबुली झाली ती इथेच. चांदण्यातले संवाद मग खुशाल कापा.