सांगलीतल्या आमच्या ऑफिसचं माहितीपत्रक कसं तयार झालं

आमचं ऑफिस विश्रामबागला आहे. सर आर्किटेक्ट, आरसीसी डिझाइन (कॉलम-बीम-स्लॅबची मजबुती आणि मापं ठरवणं) माझ्याकडे. इतकी वर्षं कामं ओळखीतून येत गेली. एकाचा बंगला झाला की त्यांच्या मेहुण्याचा, मग मेहुण्याच्या मित्राचा. कोरोनानंतर ही साखळी मंदावली. ज्यांच्या शब्दावर कामं यायची ती पिढी आता थकली आहे, आणि त्यांची मुलं पुण्यात बसून मोबाइलवर आर्किटेक्ट शोधतात. तेव्हा ऑफिसचं मार्केटिंग नीट करायचं ठरलं आणि सरांनी ते माझ्याकडे सोपवलं.

सुरुवातीला एका जाहिरात एजन्सीची माणसं येऊन गेली. महिन्याला ठरावीक पोस्ट, सणावारी शुभेच्छा, पैसे भरून फेसबुकवर जाहिरात, असं पॅकेज होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची, म्हणजे आर्किटेक्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, नियमावली काढून माझ्यासमोर ठेवली. "आधी हे वाच. मग बोलू."

नोंदणीकृत आर्किटेक्टला स्वतःच्या सेवेची जाहिरात करता येत नाही, एवढं ऐकून होते. पण 1972च्या आर्किटेक्ट कायद्याखाली 1989 साली झालेल्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत अपवादही बरेच दिले आहेत, ते तेव्हा नीट वाचले. ऑफिसबाहेर आणि आपण केलेल्या इमारतीवर नाव लावता येतं, अक्षरं 10 सेंटीमीटरपेक्षा उंच नकोत. वर्तमानपत्रात आपल्या कामाचं वर्णन आणि चित्र आलं तर चालतं, त्यासाठी पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. क्लायंटच्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात नाव येऊ शकतं. आणि स्वतःच्या अनुभवाचं माहितीपत्रक काढता येतं, पण ते ज्या संभाव्य क्लायंटचं नाव आणि पद आपल्याला सांगता येईल, त्यांनाच द्यायचं.

या शेवटच्या अटीवर आमचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. नाव आणि पद माहीत हवं म्हणजे सरसकट हजार प्रती वाटायच्या नाहीत. आधी माणसं ठरवायची, मग त्यांना काय वाचायला हवं ते लिहायचं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. आरसीसी कन्सल्टंटवर तो लागू नाही, पण ऑफिस एकच, म्हणून मीही तोच पाळला.

यादी करताना आमचा जिल्हाच डोळ्यांसमोर आला. मिरजेचे डॉक्टर, ज्यांना चालू हॉस्पिटलवर एक मजला वाढवायचा असतो. तासगाव भागातले बेदाण्याचे कोल्ड स्टोरेजवाले. मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. शाळा चालवणाऱ्या संस्थांचे सचिव. जुन्या अपार्टमेंटचे चेअरमन. या प्रत्येकाची काळजी वेगळी, त्यामुळे सगळ्यांना एकच गुळगुळीत पुस्तिका देऊन भागणार नव्हतं. एका कामाला एक पान असं ठरवलं. जागेची अडचण काय होती, आम्ही काय केलं, आज ते कसं चाललंय. माझ्या पहिल्या मसुद्यातले 'अत्याधुनिक' आणि 'दर्जेदार' सरांनी पेनने खोडले आणि तिथे कॉलमची मापं लिहायला सांगितली.

'आज ते कसं चाललंय' हे लिहायला जुन्या साइटवर परत जावं लागलं. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. गावभागात आम्ही केलेलं एक घर आहे. जागा अरुंद, कृष्णा जवळ. सरांनी तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवला होता आणि मीटर, इन्व्हर्टर, पाण्याची मोटार सगळं जिन्याच्या वरच्या टप्प्यावर घेतलं होतं. त्या वेळी घरच्यांना तो खर्च जास्त वाटला होता. मग ऑगस्ट 2019 आला. आयर्विन पुलाची धोका पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. मी गेले तेव्हा घरातल्या काकांनी जिन्यात नेऊन भिंतीवरची खूण दाखवली. "इथवर आलं बघा मॅडम. गाडी आधीच काढली होती. वर चूलसुद्धा हलवावी लागली नाही."

मी फोटो त्या खुणेचा घेतला. घराच्या दर्शनी भागाचा फोटो पानावर लहान आहे, खुणेचा मोठा. काकांनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून 'गावभागातलं घर' एवढंच लिहिलं. पूर पाहिलेल्या सांगलीकराला त्या फोटोचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

फोटो छापायच्या परवानगीचं काम चिवट निघालं. मिरजेतल्या एका डॉक्टरांनी वॉर्डांचे फोटो नको म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्याकडे ओपीडी बंद न करता जुन्या कॉलमना जॅकेटिंग केलं होतं, म्हणजे भोवती नवी सळई आणि काँक्रीट घालून ते मजबूत केले होते. आधी जुन्या काँक्रीटची ताकद पाहायला रिबाउंड हॅमर आणि कोअर टेस्ट घेतल्या होत्या, आवाजाची कामं रात्री ठेवली होती. माझ्या फाइलमध्ये सळई बांधतानाचे फोटो होते. डॉक्टरांना विचारून तेच वापरले. डॉक्टरमंडळी ते पान वाचून पहिला प्रश्न विचारतात की पेशंट कुठे हलवले होते. म्हणून त्याचं उत्तर आता पानावरच आहे.

कागदपत्रांतही चिकाटी लागली. संस्थेचं किंवा सरकारी काम हवं असेल तर निविदेत कार्यपूर्ती प्रमाणपत्र, म्हणजे काम पूर्ण केल्याचा मालकाचा दाखला, मागतात, आणि खासगी मालक ते आपणहून कधीच देत नाही. बांधकामाचं क्षेत्रफळ, खर्च, सुरुवातीची आणि पूर्ण झाल्याची तारीख असा मजकूर मीच टाइप करून नेला आणि लेटरहेडवर सही-शिक्का घेतला. जिथे मालकाने आयकर कायद्याच्या कलम 194जे खाली आमच्या फीवर टीडीएस कापला होता, तिथे त्या वर्षाचा फॉर्म 26एएस, म्हणजे कापलेल्या कराचं आयकर खात्याचं विवरण, फीचा पुरावा म्हणून कामी आला. उलाढालीचा दाखला सीएंकडून घेतला. त्यावर यूडीआयएन (सीएंच्या प्रत्येक दाखल्याला मिळणारा ओळख क्रमांक) आहे ना हे तिथेच पाहून घ्यावं, नाहीतर निविदा उघडताना अडते.

दरम्यान कुपवाडच्या एका बिल्डरने त्यांच्या ब्रोशरमध्ये सरांचं नाव टाकायचं का विचारलं. नियमाने चालतं, पण आम्ही आधी त्यातलं थ्रीडी चित्र मंजूर नकाशाशी ताडून पाहिलं. चित्रात गच्चीवर बाग होती, नकाशात नव्हती. ती काढायला लावली. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, द्यावी लागते. महारेराचा, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापलेला होता, पण 1 ऑगस्ट 2023पासून सक्तीचा झालेला क्यूआर कोड नव्हता, तोही घालायला सांगितलं. बिल्डर थोडे नाराज झाले. ब्रोशर दुरुस्त होऊन आलं तेव्हाच सरांनी नावाला होकार दिला.

पानं पोस्टाने पाठवली नाहीत. फोन करून, वेळ घेऊन, ज्याचं त्याला हातात दिली. काहींनी बाजूला ठेवली. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने मात्र गोडाऊनचं पान तिथेच उभ्याने वाचलं. काळ्या मातीत फरशी फुगते म्हणून खालची माती काढून थराथराने मुरूम भरून दबाई केली होती, ते त्यात होतं. त्यांच्या जुन्या गोडाऊनची फरशी अशीच उचललेली. "हे मुरुमाचं आधी कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाले आणि मला लगेच आत नेऊन भेगा दाखवल्या. त्यांच्या नव्या जागेवर सध्या सॉइल टेस्टसाठी बोअर घेणं चालू आहे.