बोगनवेलीचा गुलाबी

वाईजवळच्या मेणवली घाटाचं जलरंगातलं चित्र. २२ बाय ३० इंचांचा पूर्ण इम्पिरियल कागद, खाली काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि वर भिंतीवरून ओसंडणारी बोगनवेल. छापील प्रती काढून घ्यायला चित्रकर्तीने ते माझ्याकडे आणलं, आणि सोबत दुसऱ्या छपाईवाल्याकडून काढून घेतलेली प्रतही आणली होती. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "बघा ना, घाट हुबेहूब आलाय. पण बोगनवेल मळली हो माझी. चित्राचा जीव तिच्यातच आहे."

घाट खरोखरच छान उतरला होता. दगडातले राखाडीचे भेद, पाण्यातलं हिरवट प्रतिबिंब, सगळं जागेवर. फक्त गुलाबी तेवढा विटका आणि जांभळट. बाकी सगळं बरोबर येऊन एकच रंग बिघडतो, तेव्हा छापणाऱ्याला दोष देण्याआधी मूळ रंग तपासावा. खोलीतले दिवे बंद करून चित्रावर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च धरली. घाट अंधारात गेला आणि बोगनवेल निखाऱ्यासारखी पेटली.

"ताई, ऑपेरा रोज वापरलाय?"

"हो तर. त्याशिवाय हा गुलाबी येतोच कुठे?"

ऑपेरा रोज हा जलरंग म्हणजे क्विनॅक्रिडोन मॅजेंटा (पीआर १२२ क्रमांकाचं रंगद्रव्य) आणि त्यात मिसळलेला फ्लुरोसंट, म्हणजे स्वतः चमकणारा, डाय. हा डाय अतिनील आणि हिरवा प्रकाश पोटात घेतो आणि नारिंगी-लाल करून बाहेर टाकतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे परत येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, बोगनवेलीवर टेकवला, तर ६०० नॅनोमीटरच्या आसपास आलेख शंभर टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे त्या तरंगलांबीचा जेवढा प्रकाश चित्रावर पडत होता, त्याहून जास्त परत येत होता. छपाईची नेहमीची शाई असं करूच शकत नाही. ती कागदाच्या पांढऱ्यातून प्रकाश वजा करते. पांढऱ्याच्या वर चढणं तिला शक्य नाही. फ्लुरोसंट शायाही मिळतात, पण उजेडात त्या लवकर उडतात. टिकाऊ प्रत म्हणून विकायच्या कामात मी त्या वापरत नाही.

तरीही त्या आधीच्या प्रतीपेक्षा बरंच जास्त मिळवता येणार होतं, कारण नुकसान दोन ठिकाणी झालं होतं आणि पहिलं कॅमेऱ्यातच.

असा रंग टिपताना एकूण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, नीट दिसतो, लाल चॅनेल मात्र २५५ या कमाल आकड्याला जाऊन चिकटलेला असतो. मग पाकळीतली ओल्यात ओला सोडलेली छटा, वॉशची, म्हणजे पातळ रंगाच्या थराची, गडद कड, सगळं एकाच सपाट डागात जातं. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर यूव्ही फिल्टर लावलेले फ्लॅश होतेच. फिल्टरने चमक थोडी उतरते, पण जात नाही, कारण डाय हिरव्या प्रकाशानेही उजळतो. म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली आणलं आणि कागदाचा पांढरा नंतर कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाइलमध्ये वर उचलला. मूळ आकारात ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) हवे तर ६६०० बाय ९००० पिक्सेल लागतात. ४५ मेगापिक्सेलच्या एका फ्रेममध्ये ते बसत नाहीत. दोन फ्रेम घेतल्या, एक तृतीयांश भाग एकमेकांवर ठेवून. चकाकी मारण्यासाठी दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर लावतात, ते क्रॉस पोलरायझेशन मुद्दाम टाळलं. जलरंगाला तेलरंगासारखी चकाकी नसते, आणि पोलरायझर लावला की रफ कागदाचा दाणा मरतो.

दुसरं नुकसान रंग यंत्राच्या आवाक्यात बसवताना होतं. ३०८ ग्रॅमचा मॅट कॉटन कागद निवडला, पांढरेपणा वाढवणारं ब्राइटनर नसलेला, कारण मूळ कागद उबदार पांढरा होता. सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छपाई कशी दिसेल ते पडद्यावर बघताना, आवाक्याबाहेरचे रंग करडे दाखवणारी गॅमट वॉर्निंग लावली आणि अख्खी बोगनवेल करडी पडली. रंग आत बसवायच्या दोन पद्धती. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक घेतलं तर आवाक्याबाहेरचे सगळे गुलाबी एकाच सीमेवर येऊन आदळतात आणि फुलं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. पर्सेप्च्युअलमध्ये छटा टिकतात, पण त्यापायी घाटही फिका होतो. म्हणून पूर्ण फाइल रिलेटिव्हमध्येच ठेवली, आणि बोगनवेलीचा मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडून, फक्त तिचे रंग हाताने आत ओढले.

इथे एक पेच असतो. मॅजेंटा शाईचा सगळ्यात तीव्र रंग बराच गडद असतो. तीव्रता धरली की फूल जड होतं, उजळपणा धरला की ते धुऊन निघतं. उन्हातल्या पाकळ्यांना मी उजळपणा दिला, सावलीतल्यांना तीव्रता, आणि जांभळटपणा जावा म्हणून ह्यू, म्हणजे रंगाची जात, किंचित लालाकडे नेला. मग मागची भिंत लॅब या रंगमापनातल्या एल, म्हणजे उजळपणाच्या, मापात तीन एककं गडद केली आणि लगतची पानं जराशी पिवळट हिरवी. हे केलेलं ताईंना सांगितलं, कारण प्रतीत असा बदल चित्रकाराला न विचारता करायचा नसतो. गुलाबी स्वतः तेवढाच राहिला, पण शेजार बदलल्यावर तो उठून दिसू लागला.

आठ बाय दहा इंचांच्या चाचणीच्या पट्ट्या काढल्या. पावसाळ्यात कॉटन कागद ओल धरतो, कडा उचलतात आणि शाई सोडणारं हेड घासतं. त्यामुळे प्लॅटन गॅप, म्हणजे हेड आणि कागद यांतलं अंतर, वाढवला. छापण्याआधी मऊ ब्रशने तंतू झाडून घेतले. सुटलेल्या तंतूवर शाई पडली आणि तो नंतर गळाला, की गडद दगडात पांढरा ठिपका राहतो. पट्ट्या रातभर वाळू दिल्या.

दुसऱ्या दिवशी ५००० केल्विनच्या दिव्याखाली त्यांतली तिसरी पट्टी ताईंनी उचलली. खिडकीत नेल्यावर मूळ चित्र स्पष्ट पुढे गेलं, कारण दिवसाच्या उजेडात अतिनील भरपूर. घरातल्या ३००० केल्विनच्या दिव्याखाली फरक बराच कमी झाला. "घेणारा घरातच लावणार ना," त्या म्हणाल्या, "मग ही चालेल."

एक गोष्ट मात्र त्यांना सांगणं भाग होतं. ऑपेरातला डाय उजेडात उडतो आणि मागे नुसता मॅजेंटा उरतो. अतिनील अडवणारं यूव्ही ॲक्रिलिक लावलं तरी वेग मंदावतो, थांबत नाही, कारण दृश्य प्रकाशही त्याला खातो. ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग मूळ चित्र दर्शनी भिंतीवरून काढून फोल्डरमध्ये ठेवायचं त्यांनी ठरवलं, आणि २५ प्रतींच्या प्रमाणपत्रावर 'मूळ चित्रातील फ्लुरोसंट गुलाबीची चमक छपाईत येत नाही' ही ओळ स्वतःहून घालायला सांगितली.

सगळ्या २५ प्रती एकदम काढायच्या नव्हत्या. मागणी येईल तशा छापायच्या होत्या. पुढच्या प्रती जुळवायला मूळ चित्राचा भरवसा नाही, ते तोवर बदललेलं असेल. म्हणून पूर्ण आकाराची एक प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, ताईंच्या सहीने मंजूर करून घेतली. कागदाचा बॅच, त्या कागदाची रंग-प्रोफाइल आणि मास्कची फाइल यांची नोंद तिच्यामागे पेन्सिलने लिहिली आणि ती ॲसिड-फ्री कागदात गुंडाळून बंद ड्रॉवरमध्ये ठेवली. या चित्राची प्रत आता त्या प्रूफशी ताडूनच बाहेर जाते.