झाकणावरची चिठ्ठी

लातूरच्या ट्यूशन एरियात होस्टेलांचं वायफाय बघणं हा माझा निम्मा धंदा. जूनमध्ये पोरं आली की तक्रारी सुरू. त्यासाठी एक जुना थिंकपॅड ठेवलाय: २ जीबी रॅम, रडतखडत चालणारी हार्ड डिस्क, पण आतलं अथेरॉसचं वायफाय कार्ड भलतं गुणी, 'मॉनिटर मोड'मध्ये, म्हणजे कुठं न जोडता नुसतं ऐकत बसायला, कधी कुरकुरत नाही. त्यावर किस्मेट हे वायफाय ऐकणारं सॉफ्टवेअर लावायचं आणि आजूबाजूला कोण कुठल्या चॅनलवर आहे ते ऐकायचं. आपल्याकडून हवेत काही सोडायचं नाही, नुसता कान. तरी मालकाला विचारल्याशिवाय मी लावत नाही.

लॅपटॉपच्या झाकणावर चिकटपट्टीनं नऊ कमांडांची चिठ्ठी होती. त्या दिवशी मी औशाला तेराव्याला गेलेलो. पंगत बसली आणि हाताखालच्या पोराचा फोन. "दादा, हे चालूच होईना गेलंय." चौथी ओळ घामानं पुसलेली. मी हातातला घास ठेवून स्पेलिंग सांगतोय आणि वाढपी भाजी घेऊन ताटकळलेला!

रात्री आल्यावर चिठ्ठी फाडली. सगळं किस्मेट सुडोनं, म्हणजे मशीनच्या पूर्ण अधिकारानं, चालवायची सवय आधी मोडली. इन्स्टॉल करताना सुईड-रूट निवडलं, म्हणजे कार्ड हाताळणाऱ्या भागालाच तो अधिकार मिळतो, आणि पोराचं खातं किस्मेट ग्रुपात घातलं. तरी परवानगीची बोंब जाईना. तासभर डोकं खाजवलं, मग आठवलं, लॉगआउट करून परत आत आल्याशिवाय ग्रुप लागूच होत नाही. वीस वर्षं हेच काम करतोय मी.

कार्डाचं नाव किस्मेट साइट कॉन्फ फायलीत एका ओळीत लिहिलं. अपडेट आलं तरी ती फाइल तशीच राहते. नेट जोडून देणारा नेटवर्क मॅनेजर प्रोग्राम ते कार्ड मधेच ओढून घ्यायचा, त्याला तेवढ्या कार्डाला हात लावू नको म्हणून सांगितलं. त्यामुळं केबलचं नेट चालू राहतं, आणि खरी मजा तिथंच. ब्राउझर उघडला की या म्हाताऱ्याला धाप लागते. मग केबल स्विचला लावायची आणि किस्मेटचं पान मोबाइलच्या ब्राउझरात बघायचं, पोर्ट २५०१. ऐकलेलं डिस्कवर लिहिणारा लॉगसुद्धा बंद, डिस्कची खडखड गेली.

आता डेस्कटॉपवर एकच आयकॉन.

सकाळी पोरगा एकटाच गेला. दहा मिनिटांत फोन. "दादा, शेजारच्यांचं सोडा. आपल्याच तिन्ही मजल्यांचे राउटर सहा नंबर चॅनलवर बसलेत. एकमेकांत न घुसणारे एक, सहा, अकरा असं वाटून द्यायचं ना? कुणी लावले हे?"

मागच्या मेमध्ये मीच लावले होते. म्हणलं, "बदल गुमान."