"तिकडे हवामान कसं असतं?" म्हणजे नक्की कुठे?

आत्या आणि काका डिसेंबरात इथे न्यूझीलंडला येऊन गेले, तेव्हापासून हे लिहीन लिहीन म्हणतेय, पण आधी राग जरा निवळू दिला. थोडा स्वतःवरचाही होता.

जुलैपासून आत्याचा एकच प्रश्न, "तुमच्याकडे पावसाळा कधी गं?" मी म्हटलं असा वेगळा पावसाळा नसतोच न्यूझीलंडला, वर्षभर कधीही पडतो. तर म्हणे, "असं कसं, महिना तर असेल ना." तिचंही बरोबर आहे, आपल्याकडे मृग लागला की छत्र्या निघतात, दसऱ्याला आत जातात, लग्नाच्या तारखासुद्धा त्या हिशोबाने धरतात. आता मी राहते क्राइस्टचर्चला, इथे अख्ख्या वर्षाचा पाऊस सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर, त्यामुळे मी आपलं बिनधास्त सांगून टाकलं की डिसेंबर म्हणजे उन्हाळा, मस्त असतं, या.

आणि त्यांना घेऊन गेले फ्रान्झ जोसेफला, म्हणजे डोंगराच्या पलीकडे, पश्चिम किनाऱ्याकडच्या ग्लेशियरच्या गावाला.

हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर जायचं बुकिंग होतं. पहिल्या दिवशी कॅन्सल, दुसऱ्या दिवशीही कॅन्सल. पैसे परत मिळाले, तक्रार नाही. पण दोन दिवस मोटेलच्या खोलीत तिघं जण, पत्र्यावर धो धो आवाज, आत्या दर अर्ध्या तासाने पडदा सरकवून बघणार आणि समोर डोंगर आहे हे आम्ही फक्त ब्रोशरवरून मानायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी काका चहा ढवळत शांतपणे म्हणाले, "आठ वर्षं राहतेस ना गं इथे?" शांतपणे म्हणाले म्हणून जास्त लागलं.

तर आता माझी बाजू. आठ वर्षं राहिले तरी डोंगराच्या एकाच बाजूला राहिले ना! साउथ आयलंडच्या मधोमध सदर्न आल्प्स उभे आहेत, पाचशे किलोमीटर लांब, सगळ्यात उंच आओराकी म्हणजे माउंट कुक 3724 मीटर. पश्चिमेकडून समुद्रावरचे ओले वारे येतात, या भिंतीला थडकून वर चढतात, गार पडतात आणि सगळं पाणी तिथेच ओतून मोकळे होतात. होकिटिकाला वर्षाला साधारण 2900 मिलिमीटर, मिलफोर्ड साउंडला साडेसहा हजाराच्या वर. आणि डोंगर ओलांडून सेंट्रल ओटॅगोत अलेक्झांड्राला गेलात तर जेमतेम साडेतीनशे.

हे वाचून ज्या सातारकरांना काहीच आठवलं नाही त्यांनी हात वर करा. महाबळेश्वरला सहा हजाराच्या आसपास आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेला मारामार. आपण पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द शाळेत पाठ करून पाच मार्क मिळवलेले लोक, आणि व्हॉट्सॅपवर विचारतो काय, तर "न्यूझीलंडचं हवामान कसं आहे?" कुणी आपल्याला विचारलं की साताऱ्याचं कसं आहे, तर आपण आधी "कुठलं, महाबळेश्वरचं की माणचं?" असंच म्हणू ना? (हे मी आत्याला बोलले नाही. इथे बोलतेय.)

त्या संध्याकाळी मोटेलवाल्या बाईंनी आमचे ओले बूट बघितले, न विचारता आत नेले आणि बॉयलरजवळ सुकायला ठेवले. वर म्हणाल्या, उद्या ढग जायची वाट बघत बसू नका, सकाळी लवकर हास्ट पासने निघा, पलीकडे ऊन असेल. मला ते जरा धीर देण्यापुरतंच वाटलं. सकाळी निघालो, वायपर फुल स्पीडवर, रस्त्याकडेला दिसेल त्या कड्यावरून धबधबे. खिंड काही उंच नाही, साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर. ती ओलांडली, पाऊस झिमझिम झाला, मग नुसते थेंब, मग मी वायपर बंद केले आणि मकारोराच्या पुढे झाडी विरळ होऊन पिवळ्या गवताचे कोरडे डोंगर सुरू झाले, वर निळं आकाश. काकांनी काच खाली केली आणि म्हणाले, "अगं, हे तर पसरणी घाट उतरून वाईत आल्यासारखं झालं." मी काही बोलले नाही, पण तो विषय त्यानंतर निघाला नाही.

गंमत म्हणजे त्याच दिवशी क्राइस्टचर्चला शेजारीण उकाड्याने हैराण होती. जो वारा पलीकडे पाऊस पाडतो तोच डोंगर उतरताना कोरडा आणि गरम होऊन आमच्याकडे येतो, त्याला इथे नॉरवेस्टर म्हणतात. तापमान तिशीपार, धूळ, डोकेदुखी, गवत कडकडीत वाळलेलं. आणि मग एकदम वारा दक्षिणेकडून फिरतो आणि तासाभरात दहा-दहा डिग्री खाली. एकाच दिवसात हाफ पँट आणि स्वेटर दोन्ही लागतात ते यामुळे.

आणखी एक, आपल्याकडच्या ड्रायव्हर मंडळींसाठी. मेटसर्व्हिसच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या, इशाऱ्यात "हेडवॉटर्स ऑफ कँटरबरी लेक्स अँड रिव्हर्स" असं येतं, म्हणजे आमच्या कँटरबरी भागातल्या नद्या-तळ्यांना जिथून पाणी येतं तो वरचा डोंगराळ भाग, ते मी बरीच वर्षं वाचून सोडून द्यायचे. 2019 च्या डिसेंबरात डोंगरात तुफान पाऊस झाला आणि रांगिटाटा नदी खाली सपाटीवर फुटून निघाली, मेन हायवे आणि रेल्वे दोन्ही बंद. डोक्यावर ऊन आणि रस्त्यात नदी! त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल वाहून गेला होता, तो लष्कराच्या मदतीने तीन आठवड्यांच्या आत परत उभा केला. आपल्याकडे किती लागले असते हे लिहिणार नाही, पण आपल्याकडे चार महिने सलग पडतो, तेही धरा की.

पश्चिम किनारा बघायचाच असेल तर फेब्रुवारी बरा, किंवा सरळ थंडीत जून ते ऑगस्ट, तेव्हा तिथे आकाश जास्त वेळा मोकळं मिळतं. फक्त थंडीत मिलफोर्डच्या रस्त्यावर बर्फाचे कडे कोसळायची भीती असते, टायरच्या चेन सोबत ठेवाव्या लागतात आणि रस्ता कधीही बंद होतो. वेलिंग्टनला छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते. ऑकलंड दमट, बाकी ठीक. आणि ऊन! वीस डिग्रीच आहे म्हणून आत्या टोपीशिवाय फिरली, "आम्ही उन्हातच वाढलोय", आणि संध्याकाळी नाक सोललेलं. इथलं ऊन चटका न देता भाजतं.

परवा मावसभावाने त्याच्या ट्रिपचं एक्सेल पाठवलं. मी पश्चिमेकडचे दोन दिवस रिकामे सोडायला सांगितले होते, पावसात अडकलात तर हाताशी असावेत म्हणून. त्याने सोडले. आणि आज बघते तर दोन्हीत हेलिकॉप्टर.