कॉम्बॅट चालू असताना बटणं हलली!

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमसाठी मी दादाला एक अ‍ॅडऑन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम) लिहून देतोय. कॉम्बॅट, म्हणजे लढाई, चालू असतानाच हवं ते बटण कर्सरजवळ यायला हवं, आणि मागच्या अपडेटमध्ये तिथेच गाठ अडकली होती. ती काल रात्री सुटली. कोपरखैरण्याला मावशीकडे लॅपटॉप घेऊन गेलो होतो. फाइटमध्ये टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा खेळाडू) पडला, दादाने त्याच्या फ्रेमवर (स्क्रीनवरच्या त्याच्या चौकटीवर) क्लिक केलं आणि रीबर्थचं, म्हणजे मेलेल्याला उठवायच्या मंत्राचं, मोठं बटण तिथेच शेजारी येऊन बसलं. लाल अक्षरांतला 'ब्लॉक्ड' एरर नाही. टँक उठला, फाइट जिंकली, आणि दादाने मला पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय!

दादाचं सगळं एका हातावर, म्हणजे माऊसवरच चालतं, त्यामुळे बटण कर्सरजवळ असणं हाच सगळा प्रश्न. पण वॉरक्राफ्टमध्ये कॉम्बॅट सुरू झालं की सिक्युअर फ्रेमला (मंत्राच्या बटणासारख्या, गेमने राखलेल्या चौकटीला) अ‍ॅडऑनचा साधा लुआ कोड हलवू शकत नाही, लपवूही शकत नाही. नियम बरोबरच आहे, नाहीतर खेळाडूऐवजी अ‍ॅडऑनच खेळेल. कॉम्बॅट सुरू होतानाच्या इव्हेंटवर एकदा मांडणी करून घेता येते. पुढे फाइट संपेपर्यंत कुलूप.

उपाय म्हणजे स्टेट ड्रायव्हर, अटीनुसार स्टेट (अवस्था) बदलणारी गेमचीच सोय. अट आधीच देऊन ठेवायची, टार्गेट आपल्या बाजूचा आणि मेलेला असेल तर स्टेट २, नाहीतर १, आणि बटण हलवायचं काम सिक्युअर स्निपेटवर (कॉम्बॅटमध्येही चालणाऱ्या कोडच्या तुकड्यावर) सोडायचं. तरीही बटण जागचं हलेना. बॉसबाहेर सुरळीत, कॉम्बॅटमध्ये ठप्प. शेवटी सापडलं: ज्या फ्रेमला बटण अँकर करायचं (जिच्या आधाराने त्याची जागा ठरते), तीही प्रोटेक्टेड, म्हणजे राखलेली, लागते. तिला सिक्युअर टेम्प्लेट दिलं आणि काम झालं. कुणी असलं काही करत असाल तर आधी अँकर तपासा, बटण नंतर.

डिस्पेलच्या (खेळाडूवरचा वाईट परिणाम काढायच्या खुणेच्या) बॉर्डर लाल-हिरव्याऐवजी ओकाबे-इतो पॅलेटमधल्या (रंगांधळ्यांनाही वेगळे दिसणारे रंग) निळ्या-नारिंगी केल्या. गिल्डमधल्या (गेममधल्या आमच्या गटातल्या) रंगांधळ्या मित्राला त्या पहिल्या नजरेत कळल्या.

दादासाठी पायाने दाबायचं एक पेडलही करतोय. असल्या पेडलसाठी प्रो मायक्रोच (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घ्या. त्यातली ३२यू४ चिप थेट कीबोर्ड बनते, अर्डुइनो ऊनो बोर्डाची ३२८पी नाही. ऑनलाइन मागवलेल्याचं यूएसबी सॉकेट तुटून हातात आलं. आता ठाण्याहून लोकल पकडून मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडलाच जाणार, तिथे निदान लावून बघता येतं.

पेडलवर पोशन (गेममधलं औषध) ठेवायचं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता सुचलं, पेडललाच शिफ्टची की केलं तर? स्टेट ड्रायव्हरला शिफ्टची अट चालते. पाय दाबला की बटणांचं अख्खं पान बदलेल, म्हणजे त्याच जागी दुप्पट बटणं! पोशन राहू दे. आधी हेच करून बघतो.