सगुणाची जागा कोरडी होती

आमच्या तबेल्यात सकाळी सहाला पहिलं काम म्हणजे लीद मोजणं. चहा त्यानंतर. अकरा जनावरं आहेत. नऊ वरातीला जातात, दोन शिंगरं. रात्रीतून मोठ्या जनावराच्या मागे चार-पाच ढीग पडलेले असतात. मामू मोजतात, मी टोपलीत भरतो. मामू आमच्याकडे अण्णांच्या उमेदीपासून आहेत. घोडा काय खातो यापेक्षा काय टाकतो ते बघ, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एप्रिलच्या मधल्या त्या दिवशी मोजणी झालीच नाही. पाखऱ्यानं पहाटे पिछाडी, म्हणजे मागच्या पायांचा दोर, तोडली आणि चंदीच्या, म्हणजे भरड्याच्या पोत्यात तोंड घातलं. घोड्याला उलटी होत नाही. पोटात भरडा फुगला तर तो आतच फुगतो. त्यामुळे नऊ वाजेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याच मागे. पोतं उचलून बघितलं तर फार गेलं नव्हतं. सांडलंच जास्त होतं. पाखऱ्या मात्र झालेल्या कौतुकावर खूश, खुरानं पत्रा बडवत उभा.

तेवढ्यात अण्णांचा फोन. संध्याकाळी होटगी रोडला वरात आहे, सगुणाला धुऊन तयार ठेव. सगुणा म्हणजे आमची नुकरी, पांढरी घोडी. लग्नसराईत तिच्या नावावर घर चालतं असं म्हटलं तरी चालेल. खरारा, म्हणजे अंग घासायचा ब्रश, घेऊन गेलो तर सावलीत उभी असून काखेत घाम. वरचा ओठ उचलून दात दाखवत होती. मग मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघितलं, एकदा, दोनदा. मी मागे गेलो. जागा झाडून ठेवल्यासारखी कोरडी.

मामूंनी तिच्या पोटाला कान लावला. एरवी घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते, नळाला पाणी यायच्या आधी होते तशी.

"आवाजच नाही बे. डॉक्टरला लाव फोन, लौकर."

जबड्याखालची नाडी मोजली. पंधरा सेकंदांत पंधरा, म्हणजे मिनिटाला साठ. उभ्या घोड्याची तीस-चाळीस असायला पाहिजे. हिरड्या फिक्या. पुढचा चारा काढून घेतला आणि तिला हळूहळू फिरवत राहिलो. दोनदा गुडघे मोडून बसायला बघत होती. लोळू दिलं नाही. बाहेर ऊन त्रेचाळीसचं, लिंबाच्या सावलीतून गोल गोल.

डॉक्टर साडेबाराला आले. खांद्यापर्यंत हातमोजा घालून तपासलं. डाव्या बाजूला मोठ्या आतड्यात सुका गोळा अडकला होता. दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून अडीच लिटर पॅराफिन तेल सोडलं. नळी धुता धुता त्यांनी विचारलं, "पाणी किती पिते?"

मी टाकीत हात घातला आणि काढला. आंघोळीला काढतो तेवढं गरम. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, मध्ये टँकर. टँकरवाल्याचा पाइप पुरत नाही म्हणून आठवड्यापूर्वी मीच काळी टाकी लिंबाखालून उन्हात ओढली होती. बाकीची पीत होती, कारण त्यांना काही कळत नाही. सगुणा चोखंदळ. उन्हाळ्यात घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. ही तोंड लावून बाजूला होत असणार. वर नुसता वाळका कडबा.

अण्णांना फोनवर टाकीचं सांगितलं नाही.

संध्याकाळी मैनेला पाठवलं. ती कुमैत, तांबूस. तिच्यावर जरीची झूल मानेपर्यंत ओढली, कपाळाला गोंडे बांधले, तरी नवरदेवाच्या काकांना रंग दिसायचा तो दिसलाच. "पांढरी ठरली होती की हो!" पाचशे कापले. मैना बँडपुढे शेपूटही न हलवता चालली. सगुणा दर वरातीत ताशाला बिचकते, ते काकांना कोण सांगणार.

रात्री अकराला नाडी अठ्ठेचाळीसवर आली. एकला चव्वेचाळीस. कान लावला की मधूनच एखादा बुडबुडा. मामू बादलीत गार पाणी आणून चिमूटभर मीठ टाकून तिच्यापुढे धरत होते. ती ओठ बुडवायची, थांबायची, परत बुडवायची. अर्धी बादली संपली तेव्हा मामूंनी मला कोपर मारलं, बोलले नाहीत.

तीनच्या सुमारास मी कडब्याच्या पेंढीवर टेकलो होतो. थप थप आवाज आला. मोबाईलचा उजेड टाकला. पाच-सहा गोळ्या, वर तेलाची चकाकी. मामूंनी एक हातात घेतली, फोडली, बोटांनी चोळून बघितली. बायको भाकरीचं पीठ बघते तशी.

"टाकी कुणी ओढली उन्हात?" त्यांनी गोळीकडेच बघत विचारलं.

मी सांगितलं.

"अण्णाला सांगू नको. उजाडायच्या आत लिंबाखाली घे."

भरलेली टाकी दोघांना हलेना. बादल्या-बादल्यांनी उपसून अर्धी केली, मग ढकलली, वर ओली गोणपाटं गुंडाळली. साडेपाचला अण्णा आले. गोणपाटं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि टोपली उचलून लीद मोजायला लागले.